पुस्तक मिटून लिही

दिघाशी
६ ऑक्टोबर

चि. ललितास,

लहानूमामाचा जय भीम. मामी म्हणते, माझाही लिहा. तर तिचाही.

काल फोनवर तू निवडणूक आयोगाची कामं घडाघडा म्हणून दाखवलीस आणि मी शाबास म्हणालो. ती शाबासकी आज परत घेतो आहे. तू पुस्तक समोर धरून वाचत होतीस. मला पानांचा आवाज येत होता. अडतीस वर्षं टपालाची थैली वाहिलेल्या माणसाला कागदाचा आवाज कळत नाही, असं वाटलं का तुला?

रागावू नकोस. तुझी अडचण मला समजली आहे. सोळाव्या वर्षी दहावीत दोन विषय राहिले, मग लग्न, मग दापोड्याच्या गोडाऊनमध्ये नऊ वर्षं माल काढून देण्याचं काम. आता तुझे विपुल सर म्हणतात, जूनमध्ये पडघ्याला नवं गोडाऊन सुरू होणार, तिथे आलेला माल उतरवून घेणारी सुपरवायझर तूच व्हावंस, पण दहावीचं सर्टिफिकेट पाहिजे. एक्केचाळिसाव्या वर्षी ते कुठून आणायचं, म्हणून तू रडवेली झालीस. बाहेरून परीक्षा देऊन आणायचं. सतरा नंबरचा फॉर्म त्यासाठीच असतो. तो भिवंडीत भरू नकोस, पडघ्याच्या शाळेतून भर. कागद माझ्याकडे पाठव, मला तिकडे तसंही जायचं आहे.

आणि अभ्यासासाठी फोन बंद. आजपासून पत्र. नियम एकच. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, पिठाच्या डब्यामागे ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी जे आठवेल ते मला लिहायचं. चुकलं तरी लिहायचं. पुस्तक उघडून एक शब्दही भरायचा नाही. दापोड्याहून सायकलवर निघालेला माणूस जेवणाआधी दिघाशीला पोचतो, पण पत्राला चार दिवस लागतात. ते आपल्या कामाचं आहे. माझा प्रश्न तुझ्यापर्यंत येईतो तू अर्धं विसरलेली असशील. मग डोकं खाजवून जे परत ओढून काढशील, ते जायचं नाही.

तुझा,
लहानूमामा


दापोडे
१४ ऑक्टोबर

मामांना ललिताचा जय भीम.

पानांचा आवाज मी करत नव्हते, पंखा करत होता. बरं, मी करत होते.

तुमच्या नियमाप्रमाणे काल पुस्तक मिटलं आणि आज लिहायला बसले. निवडणूक आयोगाची कामं. एक, मतदार याद्या तयार करणे. दोन, निवडणुकीचं वेळापत्रक ठरवणे. तीन. तीनच्या पुढे पाऊण तास कागद कोरा आहे. तुमचा जावई रवींद्र टेम्पो लावून घरी आला, जेवला, भांडीही घासली, तरी मी तीनवरच. तो म्हणाला, "अगं, पुढं लिही ना." मी म्हटलं, "पुढचं आयोगालाच माहीत."

मामा, मला माझाच राग येतो. गोडाऊनमध्ये साडेचार हजार वस्तू आहेत. स्कॅनर बंद पडला की विपुल सर लांबूनच ओरडतात, "ललिता दीदी, केसर हेअर ऑईल छोटा बॉटल किधर?" आणि मी मान वर न करता सांगते, सी गल्ली, चौदावं रॅक, तिसरा कप्पा. कधी चुकले नाही. तेच डोकं घरी आणते आणि त्यात आयोगाची पाच कामं मावत नाहीत. तुम्ही मॅट्रिक आहात, तुम्हाला हे कळायचं नाही. ज्यांच्या डोक्यात एकदा शिरलं त्यांना न शिरणाऱ्यांचं दुःख कसं कळणार?

फॉर्मचे कागद सोबत आहेत. पाकिटावर तुमच्या नावापुढे नेहमीप्रमाणे 'मॅट्रिक' लिहिलं आहे, नाहीतर आई म्हणायची, माझ्या भावाचा मान ठेवला नाही.

तुमची,
ललिता


दिघाशी
२१ ऑक्टोबर

चि. ललितास,

पाऊण तास कोरा कागद बघितलास, याला अभ्यास म्हणतात. पुस्तक उघडलं नाहीस ना? मग पाऊण तास वाया गेलेला नाही. शोधून न सापडलेली गोष्ट दुसऱ्यांदा दिसली की ओळखू येते.

आता एक सांगतो, जे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. माझ्या बीटवर दोनशे बारा घरं होती. टपाल आलं की मी ते घरांच्या क्रमानं लावून घ्यायचो. पहिलं केसरीनाथ पाटलांचं, कुत्र्याचं घर. मग वळणावरची पिठाची गिरणी. मग ओढा. पावसाळ्यात ओढ्यापर्यंत सायकल मला न्यायची आणि ओढ्यात मी सायकलला न्यायचो. पलीकडे पाडा, पाड्यावर बुधीचं घर, आणि असं करत शेवटी आमचं दार. बाजारातून काही आणायचं असलं तरी मी यादी करत नसे. मीठ केसरीनाथाच्या कुत्र्यापुढे ठेवायचो, रॉकेल गिरणीत, सुतळी ओढ्यात. मनातल्या मनात फेरी मारली की एकेक वस्तू दारात उभी असायची.

तू आयोगाची पाच कामं तशी पाच दारांत ठेव. विसरायला नको असेल ते शेवटी, आमच्या दारात. मामी दारात हात पुढे करून उभी असायची, "माझं काय आलंय?" म्हणून. तिच्या हातात दिलेलं मी कधी विसरलो नाही, कारण विसरलो की जेवण उशिरा मिळायचं.

दोन कामं आहेत. एक, समीकरणाचं एक उदाहरण सगळ्या पायऱ्यांसकट लिहून पाठव. एकही पायरी गाळू नकोस. तुझ्याच सरावासाठी सांगतो आहे. दोन, पाकिटावर माझ्या नावापुढे ते 'मॅट्रिक' लिहीत जाऊ नकोस. टपालखात्याला त्याची गरज नसते, उगाच शाई जाते.

फॉर्म भरला. पावती जपून ठेवली आहे.

तुझा,
लहानूमामा


दापोडे
४ नोव्हेंबर

मामांना जय भीम.

तुमच्या दारांनी माझी फजिती केली. दिघाशीत मी सुट्टीत यायचे ती मामीच्या हातचं खायला, मला तुमची दोनशे बारा घरं कुठून माहीत? केसरीनाथकाकांचं कुत्रं तेवढं आठवतं, कारण ते माझ्या मागे लागलं होतं. तेव्हा आयोगाची पाचही कामं मी त्याच्यापुढे ठेवली. आता आयोग म्हटलं की मला फक्त भुंकणं ऐकू येतं.

पण शनिवारी गंमत झाली. सी गल्लीत ट्रॉली ढकलत होते आणि मनात आलं, मामाला त्याची बीट, तर मला माझी गल्ली. तिथल्या तिथे सुरू केलं. पहिल्या रॅकवर कपड्यांचा साबण, तिथे मतदार याद्या, धुऊन स्वच्छ. चौथ्या रॅकवर कॅलेंडरं, तिथे वेळापत्रक. सातव्यावर चहाची गाळणी, तिथे उमेदवारांच्या अर्जांची छाननी. अकराव्यावर चिकटपट्टी, तिथे राजकीय पक्षांना मान्यता, लावायची किंवा काढायची. चौदाव्यावर डोक्याचं तेल, तिथे निवडणुकीचे वाद, कारण वाद मिटला की डोकं थंड. आज चौथ्या दिवशी लिहिते आहे, पुस्तक पिठाच्या डब्यामागे, आणि पाचही उभी आहेत.

मग मला चेवच चढला. भूगोलात भारत आणि ब्राझील आहे. सगळा ब्राझील मी बिस्किटांच्या गल्लीत भरला. जेवणाच्या सुट्टीत सुवर्णाला सांगितला. सुवर्णा माझ्याबरोबर पॅकिंगला असते, डोंगराकडच्या पाड्यावरून येते, शाळा तिसरीपर्यंत. मी म्हटलं, ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस फार कमी, त्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. तिनं घास खाली ठेवला. "पाऊस न्हाय, मंग तिथली मानसं कामाला कुठं जातात गो?" त्याचं उत्तर घरी येऊन शोधलं. पुस्तकात नव्हतं, पण शोधताना सगळा धडा दोनदा वाचून झाला. आता ती रोज विचारते, आज काय आणलंस. डब्याबद्दल नाही, धड्याबद्दल.

आणि विज्ञानातला मेंडेलीव्ह. मामा, हा माणूस गोडाऊनवालाच होता. जगातली सगळी मूलद्रव्यं त्यानं रॅकवर लावली, उभे गण, आडव्या ओळी. जिथे बसणारं मूलद्रव्य अजून सापडलेलंच नव्हतं, तिथे त्यानं जागा रिकामी सोडली. दुसरं काही कोंबलं नाही. म्हणाला, याचा माल यायचा आहे. आणि पुढे खरंच आला. विपुल सरांना सांगितलं तर म्हणाले, "दीदी, हमारे यहाँ होता तो एक दिन में भर देते."

उदाहरण सोबत आहे, सगळ्या पायऱ्यांसकट. 'मॅट्रिक' मात्र मी लिहिणारच. गावच्या लग्नपत्रिकांवरसुद्धा तुमच्या नावापुढे लिहितात, मग मी का सोडू?

तुमची,
ललिता


दिघाशी
१६ नोव्हेंबर

चि. ललितास,

तुझं पत्र मामीला तीनदा वाचून दाखवलं. तिला तो मेंडेलीव्ह फार आवडला. म्हणाली, माणूस सबुरीचा दिसतो.

उदाहरण तपासलं. बरोबर आहे. फक्त तिसऱ्या पायरीत सात डावीकडून उजवीकडे गेला तेव्हा त्याचं ऋण चिन्ह धन कसं झालं, ते लिहून कळव. मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघतो आहे. आणखी दोन उदाहरणं पाठव, जरा सोपी.

एक युक्ती ध्यानात ठेव. रोज एकच विषय घोकत बसू नकोस. थैलीत एकाच घराची दहा पत्रं असली की पोस्टमन झोपेत चालतो. दहा घरांची असली की प्रत्येक दारात जागा होतो. ब्राझीलनंतर समीकरण, समीकरणानंतर मराठीची कविता, असं मिसळून कर.

आणि पाकिटाचं मी सांगितलं ते मनावर घे.

तुझा,
लहानूमामा


दापोडे
९ जानेवारी

मामांना जय भीम.

बरेच दिवस लिहिलं नाही. डिसेंबरात मालाची गर्दी होती, तरी अभ्यास चालू होता. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, अर्धं विज्ञान, सगळं गल्ल्यांत लावून झालं होतं. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सुवर्णाला म्हटलं होतं, आता बोर्डानं काहीही विचारावं.

मामा, गोडाऊनची मांडणी बदलली.

विपुल सरांनी तीन दिवस सगळ्यांना लावून रॅकच्या रॅक हलवली. जास्त खपणारा माल दाराजवळ, कमी खपणारा मागे. सर खूश, साहेब खूश. मी चौथ्या दिवशी सी गल्लीत शिरले आणि जिथे मतदार याद्या ठेवल्या होत्या, तिथे लहान मुलांचे डायपर. छाननीच्या जागी मच्छर अगरबत्ती. ब्राझीलवर मोठ्या पिशवीतला तांदूळ आलाय. सुवर्णा म्हणाली, "बरं झालं, तिथं आता भात तरी हाय." मला हसूसुद्धा आलं नाही.

घरी येऊन पुस्तक मिटून लिहायला बसले. अर्धं नवं दिसतं, अर्धं जुनं, आणि दोन्ही एकमेकांत घुसतात. मेंडेलीव्हच्या रिकाम्या जागेत शाम्पू येतो. परीक्षेला सहा आठवडे राहिलेत. मी फॉर्म सोडून द्यावा म्हणते. दुसऱ्यांदा नापास होऊन विपुल सरांपुढे उभं राहण्यापेक्षा बसलेच नाही म्हणणं बरं. खरं सांगू? मला ती नोकरी फार हवी आहे. नऊ वर्षं मी दुसऱ्यानं सांगितलेला माल काढून दिला. एकदा मला सांगायचं आहे की हा माल कुठे ठेवायचा. मांडणी माझ्या हातात असती, तर असली वेळ आली नसती.

बसलेच, तर एक विनंती. दापोड्याहून पडघ्याला दोन बस बदलाव्या लागतात. परीक्षेचे दिवस तुमच्याकडे राहू का? मामीला मदतही होईल.

तुमची,
ललिता


दिघाशी
१५ जानेवारी

चि. ललितास,

उत्तर लगेच लिहितो आहे आणि स्वतः पडघ्याला जाऊन पेटीत टाकणार आहे, म्हणजे दोन दिवस वाचतील.

फॉर्म सोडायचा नाही.

माझ्या बीटवरची वळणापलीकडची एकोणीस घरं रस्ता रुंद करताना गेली. गिरणी गेली. बुधीनं वर डोंगराजवळ नवीन घर बांधलं. पहिला आठवडाभर मी जुन्या जागी ब्रेक दाबायचो आणि समोर डांबर. पण मनातल्या फेरीत गिरणी आजही चालू आहे. पीठ उडतं, मी शिंकतो. तुझ्या गोडाऊनमधला माल हलला आहे ललिता, तुझी गल्ली हललेली नाही. ती विपुल सरांच्या ताब्यात नाही.

असं कर. दोन दिवस अभ्यासाला सुट्टी दे. मग सकाळी कामाला निघण्याआधी घरातच डोळे मिटून बस आणि डिसेंबरातल्या जुन्या गोडाऊनमध्ये शिर. गेटपासून शिर, वॉचमनला नमस्कार करून. घाई करू नकोस. पहिल्या रॅकच्या साबणाचा वास आला की पुढे हो. नव्या गोडाऊनमध्ये काम करशील तेव्हा फक्त काम कर, तिथे धडा ठेवू नकोस. जुनं गोडाऊन अभ्यासाचं, नवं नोकरीचं.

राहायला येण्याचं मात्र जमणार नाही. परीक्षेच्याच दिवसांत घराला रंग काढायचा ठरवला आहे. सामान सगळं बाहेर असेल.

तुझा,
लहानूमामा

ता.क. रंग कोणता, ते मलाही अजून सांगितलेलं नाही. — शैलामामी


दापोडे
२९ जानेवारी

मामांना जय भीम.

तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्या दिवशी गेटवरच अडकले. दुसऱ्या दिवशी साबणाचा वास आला. पाचव्या दिवशी सी गल्ली पूर्ण चालून गेले, चौदाव्या रॅकवर तेलाची बाटली होती आणि तिच्याखाली निवडणुकीचे वाद व्यवस्थित ठेवलेले होते. काल ब्राझीलही परत मिळाला. सुवर्णानं मधले प्रश्न विचारून तपासला. आता मी बसणार आहे.

रंगकामाचं समजलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. लहानपणी परीक्षा संपली की तुमचंच घर होतं, आणि परीक्षा असताना ते नेमकं रंगवायला निघावं. पण तुमच्या सोयीनं करा. मी बसनं येईन.

पाकिटावर या वेळी 'मॅट्रिक' लिहिलेलं नाही. तुमचा मान म्हणून नाही, मला राग आला म्हणून.

ललिता


दापोडे
२२ फेब्रुवारी

मामा,

काल पडघ्याच्या शाळेच्या गेटवर मी सकाळी दहाला पोचले. पुढे पोरापोरींची रांग, आणि रांगेत पांढरा शर्ट घातलेला, कापडी पिशवी धरलेला एक माणूस. वॉचमन त्याला म्हणाला, "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचं." त्या माणसानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेलं हॉल तिकीट काढलं आणि म्हणाला, "मी पालक न्हाय. परीक्षार्थी हाय."

मी तुमच्यामागे पाचवी होते. तुमचा आवाज मी चाळीस वर्षं ओळखते. तुम्ही वळलात, मला बघितलंत, आणि नववीतल्या पोरासारखे खांबाआड गेलात. तेवढ्यात घंटा झाली. तुम्ही एका वर्गात, मी दुसऱ्या. पेपर सुटला तेव्हा तुम्ही बस पकडून गेला होतात.

मला राग यायला हवा होता. तो आलाच नाही, हसू आलं. पेपर हातात पडल्यावरही पाच मिनिटं मी हसत होते, मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग डोळे भरून आले आणि मग धडाधड सगळं आठवायला लागलं. सगळ्या पायऱ्यांसकट उदाहरणं. पडघ्याचीच शाळा. रंगकाम. "मला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघतो आहे." आणि पाकीट. मामा, तुम्ही मॅट्रिक नाही?

ललिता


दिघाशी
२६ फेब्रुवारी

चि. ललितास,

नाही.

साडेसोळा वर्षांचा असताना बसलो होतो. गणितात गेलो, बाकी सगळं होतं. पोस्टाच्या कामाला तेव्हा आठवी पुरत होती, ती नोकरी लागली. मामीला बघायला गेलो तेव्हा माझ्या काकांनी दडपून सांगितलं, मुलगा मॅट्रिक आहे. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं पुढे लग्नपत्रिकांवर छापून येत राहिलं. लोक माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायचे, अर्ज लिहून घ्यायचे, मार्कशीट कुणी मागितली नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळ्या गावासमोर सांगितलं गेलं, हा आपल्या आळीतला पहिला मॅट्रिक, आणि मला हार घातला. त्या दिवसापासून तो हार गळ्यात टोचतो आहे.

ऑक्टोबरात तुझा रडवेला फोन आला तेव्हा मला वाटलं, हिला धीर देता देता आपलंही होऊन जाईल. तू पुस्तक मिटून मला लिहिलंस. मी तुझं पत्र मिटून मामीला सांगितलं. तुझी सी गल्ली माझ्या बीटवर उतरवली. मेंडेलीव्हची रिकामी जागा बुधीच्या जुन्या घरात आहे. तुला फसवलं, याची लाज वाटते. पण तू मला शिकवते आहेस हे तुला कळलं असतं, तर तू घाबरून नीट शिकवलं नसतंस.

मामीला काल सगळं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांनी. ती म्हणाली, "लग्नाच्या तिसऱ्या म्हैन्यात समजलं मला. तुमी धोब्याचा हिशेब माझ्याकडनं करून घेतला तवाच." मग म्हणाली, रंग काढायचाच असेल तर पिवळा काढा, आणि पोरीला बोलवा.

तर ये. पुढच्या पेपरपासून इथेच राहा. मामी दोन डबे करणार आहे, पेपरच्या आधी शाळेच्या भिंतीपाशी बसून खाऊ. मी तुला ब्राझील विचारीन, तू मला समीकरण विचार.

तुझा,
लहानूमामा (मॅट्रिक नव्हे)


दिघाशी
१५ मे

चि. ललितास,

निकाल तू फोनवर रडत सांगितलास, म्हणून नीट ऐकू आला नाही. मग मामीनं फोन घेतला आणि मला सांगितलं, एकसष्ट टक्के. आमच्या दारात तिनं साखर वाटली, पिवळ्या भिंतीला हात लागू नये म्हणून सगळ्यांना अंगणातच उभं केलं.

माझं ऐक. मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, सगळं निघालं. इतिहास-भूगोलात तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त आहेत, हे सुवर्णाला जरूर सांग. गणितात एकोणतीस. बावन्न वर्षांपूर्वीही गणितच होतं. माणसात सातत्य असावं.

बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे जमले होते, तेव्हा उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मी मॅट्रिक नव्हतो, अजून नाही, एक विषय बाकी आहे. केसरीनाथ मागे येऊन बसला होता, तो म्हणाला, "लहानू, माझ्या पोराच्या नोकरीचा कागद तूच वाचलेलास ना? तो तं खरा निघाला." आणि सगळे हसले. मीही हसलो. फार हलकं वाटलं.

जुलैत पुन्हा बसता येतं म्हणतात. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा त्या वॉचमनसमोर उभं राहायचं का, हे कळत नाही. तो सात अजूनही डावीकडून उजवीकडे गेला की काय होतो, ते माझ्या डोक्यात बसत नाही. एवढ्यावर थांबलो तरी चालेल, असं वाटतं. तुझं काम झालं, त्यात माझं झालं.

तुझा,
लहानूमामा


पडघा
३ जून

मामांना जय भीम.

हे पत्र नव्या गोडाऊनमधून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी आहे. समोर अठ्ठावीस रॅक उभी आहेत, सगळी रिकामी, अजून सिमेंटचा वास येतो. सकाळी पहिला ट्रक लागला आणि ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, किधर उतारना है?" विपुल सर शेजारी उभे होते, ते माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, ए गल्ली, पहिलं रॅक. मामा, मला तुमची आठवण आली. सुवर्णाही इथे आली आहे. तुमचे चार मार्क तिला सांगितले. म्हणाली, "मामाला इचार, तिकडं पाऊस न्हाय तं मानसं जातात कुठं."

आता कामाचं बोलते. काल फोनवर तुम्ही मला सांगितलंत की समीकरण पुन्हा करून बघितलं आणि बरोबर आलं, आणि सगळ्या पायऱ्या वाचून दाखवल्यात. तुम्ही वही समोर धरून वाचत होतात. मला पानांचा आवाज येत होता. तेव्हा अभ्यासासाठी फोन बंद. आजपासून पत्र.

त्या सातचं असं आहे. बरोबरच्या चिन्हाला तुमचा ओढा समजा. ओढ्याच्या अलीकडे सायकल तुम्हाला न्यायची, ओढ्यात उतरलात की तुम्ही सायकलला. माणूस तोच, सायकल तीच, फक्त कोण कुणावर ते उलटं झालं. सातचंही तेच होतं. ओढा ओलांडला की ऋणाचा धन, धनाचा ऋण. एकही सात कोरड्या पायांनी पलीकडे जात नाही. हे मामीच्या हातात नेऊन ठेवा, आणि चार दिवसांनी पुस्तक मिटून एक उदाहरण मला लिहा. चुकलं तरी लिहा.

जुलैचा फॉर्म मी पडघ्याच्या शाळेत भरला आहे. पावती जपून ठेवली आहे. पेपरच्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेटवर येणार आहे. वॉचमननं विचारलं तर सांगीन, मी पालक हाय.

पाकिटावर तुमचं नाव लिहिलं आहे आणि नावापुढे बोटभर जागा रिकामी सोडली आहे. दुसरं काही तिथे कोंबलेलं नाही. तिचा माल यायचा आहे.

तुमची,
ललिता